एलीयाला आधी भाकर मिळाली

(मंडळीच्या मदतनिधी सभेत केलेले भाषण)



आपण दर तिमाहीला वसतिगृहासाठी, शिवणवर्गासाठी दान पाठवता, आठवणीनं प्रार्थना करता. आज मात्र मी एका रात्रीविषयी बोलणार आहे.

मागच्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवरून रात्री साडेदहाला फोन आला. "ताई, हे जगायचं नाही म्हनायलेत. मला भ्याव वाटायलंय." नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीचा हंगाम संपला, पण उचल फिटली नव्हती. मुकादम दारात येऊन बोलून गेला होता. तेव्हापासून त्या माणसाची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं.

मी आणि माझे पती मोटारसायकलवर निघालो. निघण्याआधी मी दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे कुणी उचलला नाही. दुसरीकडे सांगितलं, "सकाळी ओपीडीत आणा." धाराशिव जिल्ह्याचं ठिकाण, पण अशा माणसाला रात्री अकराला आधार कुठं मिळेल, हे इतकी वर्षं काम करूनही मला ठाऊक नव्हतं. याची मला लाज वाटली.

वस्तीवर पोचल्यावर मी आणखी एक चूक केली. त्याच्याजवळ बसून म्हणाले, "असं मनात आणणं पाप आहे, भाऊ. देवावर विश्वास ठेव." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझं बोलणं खोटं नव्हतं, पण त्या घडीला ते त्याच्यावर ओझं झालं.

दवाखान्याचं नाव काढताच त्याची आई उठली. "नको बाई. दवाखान्यात नेलं की पोलीस येतेत." ही भीती उगाच नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्या कायद्याखाली पारधीही भरडले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण आजही गावात चोरी झाली की आधी याच वस्तीकडे बोट जातं. खाकी कपडा दिसला की लेकरं पळतात.

म्हणून हे नीट ऐका आणि चार घरी सांगा. मनात मरणाचे विचार येतात म्हणून डॉक्टरकडे जाणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला, तरी तो माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर शिक्षेचं ते जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही.

तेवढ्यात गावातल्या आशाताई आल्या. त्यांनी एक नंबर लावून दिला: १४४१६. हा सरकारचा टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाला. फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी उपदेश केला नाही. सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का? घरात फवारणीचं औषध आहे का? आज रात्री जवळ कोण बसेल?" मला वाटायचं, असं उघड विचारलं तर विचार आणखी बळावतो. तसं होत नाही. विचारल्यावर तो रडला आणि पहिल्यांदा बोलला.

औषधाचा डबा आम्ही वस्तीबाहेर हलवला. आईनं भाकरी-पिठलं केलं. अर्धी भाकरी त्यानं खाल्ली. चुलतभाऊ रात्रभर शेजारी बसला. पहाटे त्याला डोळा लागला. सकाळी धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. केसपेपरच्या रांगेत मी उभी राहिले, बायको त्याचा हात धरून होती.

परतताना मला एलीया आठवला. राजांचे पहिले पुस्तक, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा, पण झाडाखाली बसून मरण मागतो. देवानं त्याला रागे भरलं नाही. दूत आला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. मी मात्र उलट्या क्रमानं गेले होते.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ साली यवतमाळ आणि आपल्या जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान आलं. त्याच वर्षी विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. पण शेतकरी म्हटलं की सातबारा डोळ्यापुढे येतो. या घरात सातबारा नव्हता, कोयता होता. शिवाय मदत असली तरी तिथवर हात धरून नेणारं माणूस लागतं.

तेवढंच काम आपण करू शकतो. पहिलं, १४४१६ हा नंबर प्रत्येक वस्तीवर, आणि आपल्या मंदिराच्या दारातही, मोठ्या अक्षरांत लावू. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८. दुसरं, प्रत्येक भागात दोन माणसं अशी ठरवू, जी हाक आली की रात्रीही जातील. तिसरं, औषध चालू राहावं म्हणून एसटीचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी देऊ. गोळ्या रुग्णालयात मिळतात. अडतं ते भाड्यावर आणि मजुरीवर.

तो भाऊ आज बरा आहे का, असं आपण विचाराल. उचल अजून आहे. गोळ्या चालू आहेत. झोप लागते. परवा त्यानं स्वतःहून फोन केला, "ताई, पुढची तारीख कधीची?" पुढच्या तारखेची वाट तो पाहतो, यासाठी मी देवाचे आभार मानते.

आपल्यातही, याच बाकांवर, कुणी मुकाट्यानं हे सोसत असेल. त्यांना सांगते, एलीयानंही मरण मागितलं होतं, आणि देवानं त्याला टाकलं नाही. उपासनेनंतर मी मागे थांबणार आहे. या, बसून बोलू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.