शून्याचीही नोंद

‘काल पाऊस कसा झाला?’ असे आमच्या शहादा तालुक्यात विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो चार बोटे ओल गेली, कोणी म्हणतो नाला वाहिला, तर कोणी नुसतेच ‘शिडकावा झाला’ म्हणून मोकळा होतो. ही उत्तरे खोटी नसतात. शेतकऱ्याला वाफसा कळायला ती पुरतातही. पण दोन वर्षांनी, किंवा दोन महिन्यांनीसुद्धा, त्यांचा ताळा घालता येत नाही. म्हणून मी घरामागच्या मोकळ्या जागेत पर्जन्यमापक ठेवला आहे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजून वहीत लिहितो.

पाऊस भांड्यात मोजण्याची कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हातभर तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो तेही तिथे दिले आहे: अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे आजच्या कोकणपट्टीत, अमाप! अश्मक गोदावरीकाठचा, अवंती उज्जैनकडची. आपला खानदेश या दोहोंच्या मध्ये पडतो. हिशेब सारावसुलीसाठी आणि पेरणीसाठी होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजही पावसाच्या आकड्यामागे पैसा आहेच. चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खाते त्याला अतिवृष्टी म्हणते. हा पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजला जातो. महावेध प्रकल्पातून राज्यातल्या मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, फळपीक विम्याचे हिशेबही अशा केंद्रांच्या आकड्यांवर होऊ लागले. ही सोय मोठी आहे. पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. वळवाचा किंवा परतीचा पाऊस तर बैलाचे एक शिंग भिजवतो आणि दुसरे कोरडे ठेवतो, असे आपली म्हातारी माणसे सांगत. त्यात आपला जिल्हा असा की दक्षिणेला तापीकाठची सपाट काळी जमीन आणि उत्तरेला एकदम सातपुड्याची भिंत. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस झोडपत असताना नंदुरबार-शहाद्याकडे पपईवाला आकाशाकडे बघत बसलेला, हे चित्र नवे नाही. केंद्रावर 60 मिलिमीटर आणि पाच किलोमीटरवरच्या शेतात 90 असे होऊ शकते. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. ढगच तेवढा लहान असतो.

माझी वही सरकारदरबारी पुरावा म्हणून चालत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तिचा उपयोग वेगळा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एकरावर सुमारे चार हजार लिटर. रात्री 20 मिलिमीटर झाला असेल तर एकराला ऐंशी हजार लिटर पाणी फुकट मिळाले. ठिबक बंद ठेवायला हरकत नाही. उलट पत्र्यावर खूप वाजलेला पाऊस सकाळी मोजावा तर 3 मिलिमीटर निघतो. तेव्हा मोटार चालू ठेवलेली बरी. पत्र्याचा आवाज हे फार फसवे माप आहे.

मोजण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावे लागतात. मापक झाडाखाली किंवा भिंतीला लागून नको. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा, चौपट असेल तर उत्तम. गच्चीवर वारा थेंब उडवून नेतो. त्यापेक्षा अंगण बरे. नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून साधारण एक फूट उंच आणि अगदी समतल हवे. महागडी यंत्रे नसली तरी अडत नाही. सरळ उभ्या भिंतीचे, सपाट बुडाचे भांडे आणि मोजपट्टी यांवरही सुरुवात होते, कारण भांड्यात जितके मिलिमीटर पाणी चढले तितका पाऊस. हल्ली घरगुती डिजिटल केंद्रे मिळतात. त्यांत इवलीशी दोन पात्रे झोके घेत पाऊस मोजतात. ती छान असतात, पण धूळ बसली किंवा कोळ्याने जाळे विणले की गप्प बसतात. मुसळधार पावसात झोका मागे पडून आकडा कमी दाखवतात तो वेगळाच. म्हणून शेजारी साधा मापक असावा.

साडेआठची वेळ हवामान खात्याची आहे. 10 जुलैच्या सकाळपासून 11 जुलैच्या सकाळपर्यंतचा पाऊस 11 तारखेच्या नावावर लागतो. वर्तमानपत्रातला ‘आजचा पाऊस’ बहुतेक कालचा असतो तो यामुळे.

थंडीचेही असेच. सातपुड्यातल्या डाब गावी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते आणि ‘पारा शून्यावर’ असा मथळा होतो. बर्फ खराच असतो. पण हवेचे तापमान मोजतात ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कितीतरी गार होते. गवतावर बर्फ आणि पेटीत तीन-चार अंश, असे सहज घडते. पिकाला मात्र गवताजवळची थंडी लागते, म्हणून मी दोन्ही आकडे लिहितो.

श्रोते हो, सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत मोलाची नोंद शून्याची. पाऊस आला की कोणीही उत्साहाने मोजतो. न पडलेला पाऊस लिहायला चिकाटी लागते. 2023 चा ऑगस्ट आठवा. देशभरात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि पावसाचा खंड किती दिवसांचा, यावर गावोगाव वाद झाले. हवामान खात्याच्या व्याख्येत 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पडला तरच तो पावसाचा दिवस. रकाना रिकामा असेल तर पाऊस नव्हता की मोजणारा गावाला गेला होता, हे कळणार कसे? म्हणून शून्य लिहायचे. मी परगावी गेलो की सून लिहिते, आणि तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी आला. नंदुरबारला तेव्हा मिरचीच्या पथारी उघड्यावर लाल पसरलेल्या असतात. जून-जुलैत 8 मिलिमीटर पाऊस कोणी मोजतही नाही, पण वाळत घातलेल्या मिरचीला तेवढा पुरे होतो. म्हणून माझ्या वहीत आकड्यापुढे शेऱ्याचा रकाना आहे. तो मी रुंद आखला आहे. तिथे वाऱ्याची दिशा असते, नक्षत्र असते, गारा पडल्या असतील तर त्यांचा आकार, मिरची उघड्यावर होती की ताडपत्रीखाली. काही दिवशी नुसते एवढेच असते: ‘सातपुडा दिसत नाही.’