भाजीची पाटी आणि महापौरांची खुर्ची
(आंबिवली येथील पालकसभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन आपली माणसे मुंबईस जातात. पण बापाचा धंदा विचारला की पोर वर्गात खाली मान घालते. म्हणून आज एका भाजीवाल्याची हकीकत सांगतो.

छगन भुजबळ यांचा जन्म १९४७ साली नाशकास, माळी घराण्यात झाला. आईबाप लहानपणीच अंतरले. माझगावास नात्यातल्या माणसांत ते वाढले. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकून त्यांनी यंत्रविद्येचेही शिक्षण घेतले. १९७३ साली ते शिवसेनेतर्फे नगरसेवक झाले. १९८५ साली मुंबईचे महापौर, आणि १९९१ साली पुन्हा महापौर! त्याच वर्षाअखेर, मागासवर्गीयांना राखीव जागा देणाऱ्या मंडल आयोगाच्या प्रश्नावर, त्यांनी पक्ष सोडला. १९९९ साली ते उपमुख्यमंत्री झाले. पुढे २०१६ साली आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक झाली, २०१८ साली जामीन मिळाला. २०२१ साली महाराष्ट्र सदन प्रकरणी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले.

आता कोणी म्हणेल, आपला माणूस महापौर झाला, आपले काम झाले. बांधवांनो, तसे नाही. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कारभाराची सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे आहे. महापौर सभा चालवितो. त्या काळी मुदतही एकच वर्षाची. तिजोरीची किल्ली त्याच्या हाती नसते. पण खर्चाचे अंदाजपत्रक लोकांनी निवडलेल्या सभासदांपुढे येते. तेथे तोंड उघडणारा पाहिजे.

जोतीराव फुले हेही धंदेवाईक गृहस्थ, बांधकामाचे ठेकेदार. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा 'हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा' असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. खुर्ची नव्हती, तरी हिशेब विचारला!

कल्याण-डोंबिवलीची महापालिका १९८३ साली झाली. आपले आंबिवली तिच्यातच आहे. भाजी विकताना आपण दमडीचा हिशेब सोडीत नाही. मग नळाच्या पाण्याचा, गटाराचा, या शाळेच्या छपराचा हिशेब का सोडावा? मत मागावयास येईल त्याला, तो आपल्या जातीचा असो वा नसो, हे विचारा. आणि उद्या गुरुजींनी धंदा विचारला, तर पोरांनो, मान वर करून सांगा : माझा बाप भाजी विकतो.