जिरावणाची चिमूट

मुलं पुण्या-बंगळुरूला गेली आणि आम्हा इंदूरकर म्हाताऱ्यांची सकाळ उगाच लांबू लागली. रविवारी फोन आला नाही, की दिवस फुकट. मग आम्ही चौघे फिरायला निघू लागलो, परतताना पोह्यांच्या ठेल्यावर थांबू लागलो. वाफेवरचे पोहे, त्यांत बडीशेप, वर शेव, कांदा आणि जिरावणाची चिमूट. सोबत जिलेबी, मधुमेहवाल्याला अर्धीच. (उरलेली अर्धी कोण खातो, ते घरी सांगायचं नाही.) पुण्याचे पाहुणे पोह्यांशेजारी जिलेबी पाहून दचकतात. दचकोत बापडे! फोनचं मात्र आम्ही आता दुपारपर्यंत विसरतो.

यंदा आम्ही तिघेच उरलो. ठेलेवाला सवयीनं चौथी प्लेट भरतो. आम्ही अडवत नाही, वाटून खातो.