पडद्याकडे पाठ करून

चित्रपटाचा अभ्यासक म्हणून मला इथे रेडिओवर बोलावलंय असा कुणाचा समज झाला असेल, तर तो आधीच दूर करतो. मी तिकीट काढून सिनेमा बघणारा आणि नंतर दोन दिवस घरच्यांचं डोकं खाणारा माणूस. घरचे आता कंटाळले, म्हणून आज तुमची पाळी.

सिनेमा मी कानांनी पारखतो. ही खोड लागली ती आमच्या गल्लीतल्या गणपतीमुळे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला झळकला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आमच्याकडे मात्र तो थिएटरच्या आधी आला तो मंडळाच्या कर्ण्यावरून. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या. आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला की पोरं त्याच लावायची. गब्बर गोरा की काळा हे ठाऊक नव्हतं, पण त्याचं हसणं आम्हाला पाठ होतं. पुढे कधीतरी तो पडद्यावर पाहिला, तेव्हा ध्यानात राहिले ते पुन्हा आवाजच. खडकावर खरखरणारा गब्बरचा पट्टा. ठाकूरचं कुटुंब संपल्यावरही करकरत राहिलेला झोपाळा. जयचा माउथ ऑर्गन. आणि मुलाचं प्रेत गावात आल्यावर, सगळे गप्प का, असं विचारणारे आंधळे रहीमचाचा. शांतता पहिल्यांदा ऐकू येते ती त्यांनाच. रमेश सिप्पींचं मोठेपण मला तिथे दिसतं, घोड्यांच्या पाठलागात नव्हे.

तेव्हापासून घरी टीव्हीवर एखादा पाहिलेला सिनेमा लागला, की मी पाच-दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून बसतो. घरात यावर बरंच बोललं जातं. ते इथे सांगण्यासारखं नाही. पण कसोटी चोख आहे. पाठ केल्यावरही गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली, तर दिग्दर्शक पक्का.

राजा परांजपे या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेतात. १९६० सालचा ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. सीमाबाई देव त्यात आंधळी मुलगी झाल्या आहेत, रस्त्यावर गाऊन पोट भरणारी. शब्द गदिमांचे, म्हणजे माडगूळकरांचे, चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची. गाणं हीच तिची भाकरी, त्यामुळे ही मधेच का गायला लागली, असं एकदाही मनात येत नाही. गाणं संपतं तेव्हा गोष्ट चार पावलं पुढे गेलेली असते. आजच्या कितीतरी सिनेमांत गाणं सुरू झालं, की लोक चहा प्यायला उठतात आणि परत आल्यावर काही चुकलेलं नसतं.

जब्बार पटेलांबद्दल मला कुतूहल वाटतं. पेशाने बालरोगतज्ज्ञ, रडणाऱ्या पोराला नेमकं काय होतंय हे ऐकून ओळखायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा आपला अंदाज. १९७७ साली त्यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर ‘जैत रे जैत’ केला. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्यातली गाणी काढून घेतलीत तर सिनेमाच उरत नाही. कीर्तनासारखं सगळं गाण्यातून उलगडत जातं. दोनच वर्षांनी त्यांनी ‘सिंहासन’ केला. संगीतकार तेच, पण इथे गाणी शोधावी लागतात. मंत्रालयातली माणसं बोलतात आणि आपण कान देऊन ऐकतो. ज्याला गाणं कुठे नको हे कळतं, त्याला गाणं कळलं, असं माझं मत आहे.

आणि निळूभाऊ फुले! पटेलांच्याच ‘सामना’तला त्यांचा हिंदुराव आठवा. आवाज चढवत नाहीत, तरी समोरच्याचा घसा कोरडा पडतो. तेच निळूभाऊ ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस झाले आणि जवळजवळ सगळा सिनेमाभर दुसऱ्यांचं ऐकत राहिले. लोक अजून त्यांच्या खलनायकीच्या नकला करतात. मला त्यांचं हे ऐकणं जास्त भावतं, आणि त्याची नक्कल अजून कुणाला जमलेली नाही.

दूरचित्रवाणीपाशी मात्र माझी कसोटी माझ्यावरच उलटली. आमची आई स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता रोजची मालिका ऐकायची. एकदाही मान वर न करता तिला सगळं कळायचं. म्हणजे मालिका पास? मी विचारात पडलो. मग लक्षात आलं, तिथे कुणी रागावलं तर आधी सांगतं की मी रागावलोय, मग दुसरा सांगतो की हा रागावलाय, आणि तिसऱ्यांदा ढोल वाजून तेच सांगतो. ऐकणाऱ्याने मनात भरायचं असं काही उरतच नाही. त्यापुढे मुंबई दूरदर्शनचा ‘चिमणराव’ आठवून बघा. दिलीप प्रभावळकरांच्या नुसत्या बिचकत्या सुरात चि. वि. जोशींचा अख्खा मध्यमवर्ग हजर व्हायचा.

नव्यांचं मला वावडं नाही. २०१६ चा ‘सैराट’ मी थिएटरात पाहिला. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. थिएटरात लोक नाचत होते, नाणी उधळत होते. आणि शेवटी दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ते सगळं संगीत काढून घेतलं. दारात ते लहान मूल येतं तेव्हा एक सूर नाही. तासाभरापूर्वी नाचणारी माणसं मुकाट्याने बाहेर पडली. जिन्यात फक्त चपलांचा आवाज.

रेडिओवर असली चैन परवडत नाही. मी इथे दहा सेकंद गप्प बसलो, तर तुम्ही रेडिओला चापट माराल. म्हणून थांबण्याआधी एक विनंती. आज रात्री टीव्हीवर जे काही बघाल, ते पाच मिनिटं पडद्याकडे पाठ करून ऐका. काही दिसलं नाही, तर बटण बंद करा आणि खुशाल झोपा.