खडचीच्या मागावर

माझगावात सारा जन्म काढलेल्या माणसाने गोड्या पाण्यातील मासळीविषयी बोलावे, हे पुष्कळ श्रोत्यांस विचित्र वाटेल. आमच्या गावाचे नावच मुळी 'मत्स्यग्राम' या शब्दावरून पडले असे सांगतात. भाऊचा धक्का आमच्या घरापासून फार दूर नाही, आणि पहाटेच्या लिलावाची वेळ झाली की आमच्या चाळीतील बायका पिशव्या घेऊन निघत. ज्या घरात बोंबील, मांदेली आणि पापलेट यांवाचून आठवडा जात नसे, त्या घरात नदीची मासळी म्हणजे चिखलाची मासळी, असाच समज असावयाचा. मीही तो बाळगून होतो.

जुन्या अकरावीची परीक्षा उतरून मी शिक्षक झालो, तेव्हा मावळातून आलेले एक सहशिक्षक मला भेटले. नाताळच्या सुट्टीत त्यांनी मला आपल्या गावी नेले, एका डोहाकाठी खडकावर बसविले आणि माझ्या हाती काठी देऊन म्हणाले, "गुरुजी, आता बोलू नका." आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलेल्या माणसाला ते ऐकून घ्यावे लागले! गरवण्याचा माझा नाद त्या दिवशी सुरू झाला.

या नादाचा राजा म्हणजे खडची. कोणी तिला खडशी म्हणतात, सुशिक्षित मंडळी महसीर म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेच्या पात्रातील हा मासा पाहून 1839 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि येथील लोकांच्या तोंडचा शब्द आपल्या कानाला जसा लागला तसा उचलून त्याने 'खुद्री' हे नाव शास्त्रात रूढ केले. तेव्हा जगातील कोणत्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात या माशाचे नाव वाचले, तर आपल्या देशावरच्या एखाद्या भोयाचा किंवा शेतकऱ्याचा उच्चारच, थोडा मोडलेला, आपल्यासमोर असतो. मला याची मोठी मौज वाटते.

हा मासा रोहू-कटल्याच्या कुळातला. खवले मोठे, उन्हात सोन्यासारखे चमकणारे. ओठ जाड आणि मांसल. जबड्यात एकही दात नाही, परंतु घशात दातांच्या रांगा असतात आणि तेथे तो खेकडा वा शिंपलाही भरडून काढतो. काठावरच्या उंबराची फळे पाण्यात पडली तर तीही त्याला चालतात. त्यामुळे आमिष म्हणून कणकेची किंवा नाचणीच्या पिठाची घट्ट गोळी पुरते. मात्र एकदा गरी लागली की तो प्रवाहाच्या दिशेने असा सुटतो की, रिळावरची दोरी बोट कापीत जाते. 1946 साली म्हैसूर संस्थानात फान इंगेन नावाच्या गृहस्थांनी 120 पौंडांचा महसीर धरल्याची नोंद आहे. तो मात्र आपल्या खडचीचा कुबड असलेला दक्षिणेकडील भाऊबंद होता. त्याची कथा पुढे येणारच आहे.

हिवाळाच का, असे कोणी विचारील. पावसाळ्यात नदी गढूळ आणि फोफावलेली असते. त्याच दिवसांत खडची वरच्या ओढ्यांकडे चढून गोट्यांच्या तळावर अंडी घालते. दसरा-दिवाळी झाली की पाणी निवळते, प्रवाह मंदावतो, आणि हे मासे खोल डोहांत येऊन राहतात. पाणी इतके निर्मळ होते की काठावर हललेली तुमची सावलीही त्यांना कळते. पौषातल्या पहाटे तर पाणी एवढे गार असते की मासा तळाशी निश्चल पडून असतो, आणि तुम्ही कितीही गोळ्या टाका, तो ढुंकूनही पाहात नाही. उन्हे डोहावर आली, वरचे पाणी जरासे कोमट झाले, म्हणजे मग कोठे हालचाल दिसू लागते. नवशिका काळोखात येऊन आठ वाजता कंटाळून परत जातो; जुना माणूस चहा घेऊन नऊ वाजता येतो.

1984 च्या डिसेंबरात, असेच नऊ वाजून गेल्यावर, मला माझी पहिली मोठी खडची लागली. वजन सहा किलोंच्या वर भरले. ओल्या गोणपाटात गुंडाळून मी ती लोणावळ्याहून गाडीने मुंबईस आणली. डब्यातील प्रत्येक उतारूला मी गोणपाट उघडून दाखविले, हे सांगावयास आज लाज वाटते. चाळीत मिरवणूकच निघाली म्हणा ना! आमच्या शेजारी धक्क्यावर मासळी विकणाऱ्या एक कोळीण बाई राहात. त्यांना सारी चाळ मावशी म्हणे. त्यांनी कोयत्यावर ती कापून सहा बिऱ्हाडांत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी केराच्या डब्यापाशी मांजरे भांडत होती. काटे फार आणि समुद्राच्या मासळीची चव नाही, म्हणून निम्म्याहून अधिक मासळी लोकांनी टाकून दिली होती. आमच्या घरीही ती कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर मी मासा घरी आणणे सोडले. धरावा, पाहावा आणि सोडावा, असा नेम केला. त्याच सुमारास लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीचे खडची-पैदासीचे काम मला पाहावयास मिळाले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने ते 1970 च्या सुमारास सुरू झाले. पावसाळ्यात धरलेल्या माद्यांची अंडी हलक्या हाताने काढावयाची, नराच्या रेताने ती फळवावयाची, आणि वाहत्या पाण्याच्या पाळण्यांत उबवावयाची. ज्या धरणांनी नद्या अडल्या, त्यांच्याच काठी हे चालले होते. तेथील पिल्ले नंतरच्या दशकांत देशातील कितीतरी राज्यांना पाठविली गेली. ते पाहून मला फार समाधान वाटले होते.

परंतु त्या समाधानालाही एक काटा निघाला. आपली निळसर परांची खडची कावेरीत सोडली गेली, ती तेथे फोफावली, आणि तेथील मूळचा कुबडा महसीर, फान इंगेन यांच्या माशाची जात, झपाट्याने कमी होत गेला. एड्रियन पिंडर, राजीव राघवन प्रभृती संशोधकांनी 2015 पासून हे साधार मांडले आहे. 2018 साली त्या कुबड्या जातीची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जिवांत झाली. एका नदीत केलेले पुण्य दुसऱ्या नदीत असे वेगळेच फळ देते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनाही हाच पेच पडलेला आहे. तेथे स्टीलहेड म्हणून एक मासा आहे. नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि ऐन थंडीत पुन्हा नदीत चढणारा हा ट्राउटच. त्याच्यासाठी लोक कमरेइतक्या बर्फगार पाण्यात तासन् तास उभे राहतात. तेथे पैदासगृहातल्या पिल्लांच्या पाठीवरील शेपटीजवळचा छोटा मऊ पर कापून ठेवतात. पर नसलेला मासा, नियमाने मुभा असेल तेथे, घरी न्यावा. पर शाबूत असलेला रानटी मासा बहुतेक नद्यांत सोडूनच द्यावा लागतो. हाताने वाढविलेला कोणता आणि नदीचा कोणता, हे निदान ओळखता यावे, एवढी शिस्त आपल्याकडे असती तर किती बरे झाले असते!

आपल्याकडची जुनी शिस्त निराळी होती. महाडजवळ वाळण येथे काळ नदीचा एक कोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कोणी धरीत नाही. यात्रेकरू चुरमुरे टाकतात आणि काठाशी हाताएवढ्या अंतरावर खडच्या गर्दी करतात. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास कायद्याने 1897 सालीच बंदी केली. तरी कित्येक डोह त्याच मार्गाने ओस पडले. देवीचा कोंड टिकला.

आता माझी गोष्ट पुरी करतो. पाच वर्षांपूर्वी जानेवारीत एक चांगली खडची मी काठाला आणली. बरोबर पुतण्या होता. त्याला छायाचित्र हवे होते. मी मासा हातांवर धरून उभा राहिलो. एकदा डोळे मिटले म्हणून दुसऱ्यांदा, ऊन समोर हवे म्हणून तिसऱ्यांदा. मग पाण्यात सोडला. प्रवाहाकडे तोंड करून बराच वेळ आधार दिला, कल्ले हलताना दिसले, आणि तो खाली गेला. अर्ध्या तासाने खालच्या वळणावर तो पांढरे पोट वर करून तरंगत आला.

घरी येऊन मी हे मावशींना सांगितले. त्या आता ऐंशीच्या पलीकडे आहेत, धक्क्यावर जात नाहीत. ऐकून म्हणाल्या, "मास्तर, खायाचा नाय, तर टोचायाचा कशाला?"

मी म्हणालो की, नदीकाठी बसले म्हणजे नदी कळते. गरवणारे लोक डोहावर असले म्हणजे सुरुंगवाले तेथे यावयास धजत नाहीत. हे खोटे नाही. मावशींनी मान हलविली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तेव्हापासून मी गरीचा उलटा काटा पकडीने चेपून टाकतो, म्हणजे ती चटकन निघते. मासा पाण्याबाहेर काढीत नाही. छायाचित्र तर नाहीच. या पौषातही मी जाणार आहे. पुतण्याने नवे रीळ आणून दिले आहे. कणीक मावशींच्याच घरून घेतो. त्या ती घट्ट मळून देतात, आणि देताना काही बोलत नाहीत.