न दिसणारे दुखणे
(शंकर नगर, रायपूर येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, सरकारी नोकर. बोलतो ते घरच्या अनुभवाने. आमच्या वडीलबंधूंना पॉलिसिस्टिक किडनी हा आनुवंशिक विकार आहे. यात मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात. त्यांची कंबर व कूस सतत दुखे. वरून काहीच दिसत नसे. म्हणून आम्ही ती कामाची टाळाटाळ समजलो व तसे बोललोही. त्याची खंत आजही आहे.

या गाठी वर्षानुवर्षे वाढतात. मूत्रपिंडाचे वेष्टन ताणले जाते, पाठीवर भार येतो. हे झाले रोजचे दुखणे. गाठीत रक्तस्राव वा जंतुसंसर्ग झाला, किंवा खडा अडला, तर एकाएकी कळ उठते. ताप आला वा लघवीत रक्त दिसले, तर विलंब न करता डॉक्टरांना गाठावे.

दुसरी चूकही आमचीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या आम्हीच दुकानातून आणून दिल्या. त्या अशा मूत्रपिंडांस अपायकारक ठरतात. पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक. तीही सल्ल्यानेच घ्यावी.

आईवडिलांपैकी एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. आमची सोनोग्राफी निर्दोष निघाली; पुतण्या मात्र भीतीपोटी तपासणी टाळतो आहे. रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवल्यास मूत्रपिंडांचे पुष्कळ रक्षण होते, हे त्यास पटवावयाचे आहे. रायपुरात २०१२ पासून एम्स आहे; गाव दूर असले तरी उपचार दूर नाहीत.

ज्याचे दुखणे दिसत नाही, त्याच्या शब्दावर घरच्यांनी विश्वास ठेवावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.