मूळ संख्येची खात्री

एखादी संख्या मूळ आहे का, हे शाळकरी पोरही सांगतं. लहान लहान संख्यांनी भागून पाहायचं. कशानेच निःशेष भाग गेला नाही, की ती मूळ. पण संख्या दोनशे अंकी असली, तर या रीतीने भागत बसायला कोणताही संगणक पुरा पडणार नाही. मिलर-राबिनसारख्या झटपट चाचण्या १९७० नंतरच्या दशकात निघाल्या खऱ्या, पण त्यांच्या 'मूळ आहे' या उत्तरात चुकीची बारीकशी शक्यता उरतेच. झटपट आणि निखालस खात्रीची पद्धत ऑगस्ट २००२ मध्ये सापडली, आणि ती आयआयटी कानपूरमध्ये.

ती शोधणाऱ्या तिघांपैकी प्राध्यापक मनींद्र अग्रवाल हे इथलेच विद्यार्थी. १९८६ साली बीटेक, मग सोमनाथ बिस्वास यांच्या हाताखाली पीएचडी. चेन्नई आणि जर्मनीतलं उल्म इथे काम करून ते १९९६ मध्ये कानपूरला शिकवायला परतले. कोणता प्रश्न सोडवायला संगणकाला किती कष्ट पडतात, आणि नाणेफेकीसारखा कौल न लावता तो सुटतो का, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

पास्कलचा त्रिकोण आठवा. पाचाच्या ओळीत टोकाचे एक सोडले, तर ५, १०, १०, ५. सगळ्यांना पाचाने भाग जातो. सहाच्या ओळीत ६, १५, २०, १५, ६. इथे पंधरा आणि वीस अडतात. पाच मूळ आहे, सहा नाही. हाच नियम सगळ्या संख्यांना लागू पडतो, मात्र दोनशे अंकी संख्येची अख्खी ओळ मांडणं अशक्य.

म्हणून १९९९ मध्ये अग्रवाल आणि बिस्वास यांनी युक्ती काढली: त्या ओळीतले आकडे ज्या प्रचंड बहुपदीचे सहगुणक असतात, ती एका लहान बहुपदीने भागायची आणि फक्त बाकी तपासायची. पण ही लहान बहुपदी निवडताना कौल लावावाच लागे. तो कौल पुढे कायमचा गेला. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना हे २००२ मध्येच बीटेक झालेले दोन तरुण अग्रवालांबरोबर होते. ठरावीक घडणीची बहुपदी घेऊन मोजक्याच तपासण्या केल्या, तरी उत्तर पक्कं मिळतं, हे तिघांनी सिद्ध केलं. सारा निबंध नऊ पानांचा! एवढ्या जुन्या प्रश्नाला इतकं सुटसुटीत उत्तर मिळावं, याचं आजही नवल वाटतं.

या पद्धतीने बँकांची गुप्त कुलुपं उघडतील, अशी भीती बाळगण्याचं कारण नाही. संख्या मूळ आहे की नाही, एवढंच ती सांगते; ती कुलुपं उघडायला लागणारे अवयव पाडून देत नाही. रोजच्या वापरात आजही जुन्या चाचण्याच अधिक वेगवान ठरतात. तरीही २००६ मध्ये गोडेल आणि फल्कर्सन ही दोन्ही पारितोषिकं या तिघांना मिळाली, ती सर्वस्वी योग्य होती.

२०१३ मध्ये अग्रवालांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते आयआयटी कानपूरचे संचालक झाले. एखादी किचकट बहुपदी मुळात शून्यच आहे का, हे कौल न लावता झटपट ओळखण्याचा, मूळ संख्येच्या चाचणीमागचा सर्वसाधारण प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. कानपूरलाच प्राध्यापक झालेले नितीन सक्सेना त्याच्यावर काम करत आहेत.